मुलाचा वही

खाकी पाकिटाच्या डिंकाचा वास आला की माझं तोंड आजही कडू होतं. काल हयातीचा दाखला पाकिटात घालताना तसंच झालं. असंच एक पाकीट अकरा वर्षांपूर्वी आमच्या सोलापूरच्या शाळेत मुख्याध्यापकांनी माझ्यापुढे सरकवलं होतं. आत संस्थेकडे गेलेली निनावी तक्रार होती, टाइप केलेली. मराठीच्या बाई घरी शिकवण्या घेतात आणि शिकवणीला न येणाऱ्या ‘मुलाचा वही’ तपासत नाहीत, असं तिच्यात लिहिलं होतं. तक्रार धादांत खोटी होती, तरी माझी बदली जेऊरच्या शाखेत झाली. पण मला झोंबली ती बदली नव्हे, ती वही.

कारण वहीला पुल्लिंगी करणारी आमच्या शाळेत एकच व्यक्ती होती, माझी मैत्रीण. मूळची मैंदर्गीची, घरात कन्नड, शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा वही हरवायचा, तिची चहा गार व्हायची, आणि डबा खाताना मी हसत हसत तिला दुरुस्त करायची. एका डब्यात जेवणाऱ्या बाईनं हे करावं, या विचारानं मी पेटून उठले. तिला काही विचारलं मात्र नाही. बोलणंच तोडलं. जेऊरला तिचे फोन यायचे, ते मी उचलले नाहीत. माणूस ओळखण्यात आपण चुकत नाही, असा माझा तोरा होता.

गेल्या हिवाळ्यात आमचे गणिताचे सर दारात उभे राहिले. नोकरीत असताना या सरांना सगळा स्टाफ टरकून असायचा. कुणाचं काय दुखतं ते हेरून नेमकं तिथंच बोलायचे. निवृत्तीनंतर ते ख्रिस्ती झाले, हे कानावर होतं. कुणी म्हणे मुलाच्या आजारपणात वळले, कुणी म्हणे काहीतरी लाभ असणार. मी दुसऱ्या पक्षात होते. चहा दिला आणि त्यांच्या पिशवीतून धर्माची पुस्तिका कधी बाहेर येते याची वाट बघत बसले. पुस्तिका आलीच नाही. कप तसाच ठेवून ते म्हणाले, “बाई, ते पत्र मी लिहिलं होतं.”

“तुम्हाला कुणी पाठवलं?” मी विचारलं. मैत्रिणीनंच यांना पुढं केलं असणार, असं माझं मन म्हणत होतं.

“पाठवलंय की. पण नाव सांगितलं तर तुम्ही हसाल,” ते म्हणाले. “पर्यवेक्षकपदाला तुम्ही दोघी माझ्या आड होतात. ‘मुलाचा वही’ मुद्दाम घातलं, संशय तुमच्या मैत्रिणीवर जावा म्हणून. आता प्रार्थनेला बसलो की तेवढंच आठवतं. तुमच्यापुढं कबूल केल्याशिवाय पुढची प्रार्थना होईना.”

ते दोन शब्द मी कुणाजवळही बोलले नव्हते, आणि मुख्याध्यापक तर केव्हाच वारले; म्हणजे ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक असणार. तरी महिनाभर मी सरांची चौकशी करत राहिले. त्यांची बायको बाजारात भेटली. ती अजून देवळातच जाते. तिला खोदून खोदून विचारलं, तर म्हणाली, “आपलं ताट आपण धुतात आता. कुणाला टोचून बोलत न्हाईत. मलाच आधी भ्या वाटलं, काय लपवतायत म्हणून. दोन वर्षं झाली, काय सापडलं न्हाई.” मलाही सापडलं नाही. हा सगळा तपास त्यांच्यासाठी नव्हताच, हे मला उशिरा कळलं. ते खरे ठरले तर मला मैंदर्गीला, निवृत्त होऊन गावी परतलेल्या मैत्रिणीकडे, जावं लागणार होतं. खोटे ठरले असते तर मी सुटले असते.

शेवटी अक्कलकोटला एसटी बदलून गेले. तिनं दार उघडलं, पाणी दिलं आणि मी सगळं एका दमात सांगून टाकलं. पत्राचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. आपल्या मोडक्या मराठीतून नकळत काही वावगं गेलं असणार, म्हणून मी बोलणं तोडलं, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती. ते ऐकून मला माझीच लाज वाटली.

सरांच्या देवाशी माझी ओळख नाही. त्यांच्या आत नेमकं काय बदललं, यावर माझं मन अजून शंका काढतं. पण स्वतःच्या विरुद्ध बोलायला ते माझ्या दारापर्यंत आले, आणि त्यांच्यामुळे का होईना, मी या दारापर्यंत आले.

ती रागावली नाही. माझ्या हातातला रिकामा पेला घेत म्हणाली, “एकदा विचारायचं होतं की गं मला.”

विचारलं असतं तर तिनं खरं तेच सांगितलं असतं, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं.