नंबरानं फिरणारा गेम

पुंडलिकनगरात हनुमानचं गेमच्या सीड्या भाड्यानं द्यायचं दुकान आहे, आणि त्या दुकानाचा सगळा कारभार नळाच्या पाण्यावर चालतो. हसू नका. या शहरात पाणी येतं आठव्या-दहाव्या दिवशी, तेही नेमकं किती वाजता येईल याचा पत्ता नसतो. ज्या कॉलनीला पाणी, तिथं घरातला एक माणूस सुट्टी टाकून नळाची वाट बघत बसलेला. बसून करणार काय? हनुमाननं हे बरोबर हेरलं. भिंतीवर कॉलन्यांचा तक्ता लावला आणि ज्या दिवशी ज्याचं पाणी, त्या दिवशी त्याला सीडी, असा नंबर बांधून दिला. दुसऱ्या दिवशी सीडी परत आली की पुढच्या कॉलनीला. अकरा वर्षांत एकाचाही नंबर चुकला नाही.

माणूस मूळचा पाचोडकडचा, मेंढरांमागं वाढलेला. दोन हजार बारा-तेराच्या दुष्काळात वडिलांनी, मुंजाबांनी, मेंढरं विकली आणि हनुमान शहरात आला. त्यांच्याकडं चांगला मेंढा पैदाशीसाठी एका कळपातून दुसऱ्या कळपात फिरायला द्यायची रीत होती. काम झालं की मेंढा घरी. सीडीचंही त्याला तसंच वाटलं. वस्तू एक, पण दहा घरांचं भागतं.

पुढं दिवस बदलले. गेम नेटवरून थेट टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनमध्ये उतरायला लागले आणि दुकानात यायची माणसं आटली. उरली ती जुनी, जीव लावलेली गिऱ्हाइकं. बायको दिपाली वर्षभर म्हणत होती, शटर हेच ठेवा, पण आत पाण्याचे जार भरा. यंदाच्या दुष्काळात जारवाल्याला जेवायला फुरसत नाही. तिचं काही चूक नव्हतं, हेच तर दुखणं होतं. शेवटी दोघांत ठरलं. चोवीसच्या उन्हाळ्यात बर्फाच्या डोंगरांतला एक गेम येणार होता, लोक तीन वर्षं त्याच्यावर डोळा ठेवून होते. त्याला लाईन लागली आणि नीट पार पडली तर दुकान राहील, नाही तर जार.

लाईन लागली. नऊ नावं झाली, दिपालीनंच वहीत लिहिली.

आता दुकानाची एक रीत होती. नव्या डब्यावरचं प्लॅस्टिक हनुमाननं फोडायचं नाही, पहिल्या नंबरवाल्यानं फोडायचं. नारळ फोडायचा मान असतो ना, तसा. पहिला नंबर सिडको एन-सातच्या विश्वजीतचा, वाळूजच्या कंपनीत कामाला असलेला सरळ माणूस. त्यानं डबा नेला, पाण्याच्या दिवशी खेळला, दुसऱ्या दिवशी वेळेवर आणून दिला. दुसरा नंबर मुकुंदवाडीच्या सत्यशीलाताईंचा. त्या डबा घेऊन गेल्या आणि तासाभरात परत आल्या. आत सीडी नव्हतीच. नुसती एक चिठ्ठी, तिच्यावर आकडे. ते मशीनमध्ये टाकले तर मशीन म्हणतं, हे वापरून झालेत.

हनुमानच्या पायाखालची जमीन सरकली. त्याला वाटलं, विश्वजीतनं सीडी दाबली. अकरा वर्षं जुन्या गिऱ्हाइकानं असा गळा कापावा? दुकान दिपालीवर सोडून, डबा घेऊन तो तसाच एन-सातला निघाला. रस्ताभर त्यानं जे जुळवून ठेवलं, त्यातलं अर्धं इथं सांगण्यासारखं नाही.

विश्वजीत गच्चीवरची टाकी धूत होता. हनुमाननं त्याला खाली बोलावून दारातच सुनावलं. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. असला डबा त्यानंही पहिल्यांदाच उघडला होता. चिठ्ठी निघाली, आकडे टाकले, गेम नेटवरून उतरला, चिठ्ठी जपून परत डब्यात. त्याच्या हिशेबी डबा जसा नेला तसा दिला होता. मग दोघांनी डबा उलटापालटा केला. मागं कोपऱ्यात मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलं होतं, की आत सीडी नाही आणि आकडा एकदाच चालेल. हनुमानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विश्वजीतनं कंपनीला फोन लावला. तिकडच्या बाईनं गोड आवाजात सांगितलं की गेम तुमच्या नावावर चढलाय, तो दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही, आणि पुढंमागं कंपनीनं बंद केला तर तुमच्याकडंही राहणार नाही.

“म्हंजी माझाबी नाय अन् तुमचाबी नाय,” विश्वजीत म्हणाला.

हनुमान पायरीवरच बसला. आठ माणसांना काय तोंड दाखवायचं? त्याला रडू आलं, खरंच आलं. मेंढरं विकली तेव्हासुद्धा आलं नव्हतं.

विश्वजीत आत गेला आणि बाहेर आला तो मशीन काखेत, वायरी गळ्यात. गेम देता येत नाही ना, मग मशीनच न्या म्हणाला. भाकरी मागायला जावं आणि समोरच्यानं चूल उचलून द्यावी, असला प्रकार. हनुमाननं नको-नको केलं, पण तो कुठला ऐकतो!

मग काय, मशीन नंबरानं निघालं. मुकुंदवाडी झाली, गारखेडा झालं. प्रत्येकाकडं स्वतःचं मशीन होतं, तरी पाण्याच्या दिवशी हे दुसरं घरी यायचं. कुणी ते उशीच्या अभ्र्यात गुंडाळून परत करायचं, कुणी टॉवेलात. साधा ओरखडा नाही पडला.

आठवं घर झालं. हनुमान मशीन पुसून एन-सातला निघाला, तेव्हा दिपालीनं वही पुढं केली. बातमी फुटली होती आणि वहीत आणखी पाच नावं चढली होती. तिनंच लिहिली होती, न विचारता. हनुमान चिडला. एखाद्यानं भलेपणानं दिलं म्हणून काय त्याला नागवायचं? वही आणि मशीन दोन्ही घेऊन तो गेला आणि विश्वजीतची माफी मागितली. ही नावं खोडतो, तू तुझं मशीन घे, असं सांगितलं.

विश्वजीतनं नावं वाचली. त्याचा स्वतःचा गेम पहिल्याच दिवशी अर्ध्यात राहिला होता. मशीनकडं बघून त्याचे हात शिवशिवत होते, हे हनुमानला दिसत होतं. विश्वजीतनं पेन मागितलं आणि पाच नावांच्या खाली सहावं लिहिलं. स्वतःचं.

“अरे, मशीन तुझं हाय,” हनुमान म्हणाला.

“व्हय हनुमानभाऊ. पण नंबर त्यांचा हाय.”

हनुमान मशीन घेऊन दुकानात परत आला. दिपालीनं वहीतलं शेवटचं नाव दोनदा वाचलं. मग म्हणाली, “जार नको आता. ऱ्हाऊ द्या दुकान.”