गणिताखालच्या दोन ओळी

गवारे बाई सकाळी वर्गाच्या दारातच सगळ्यांची खोडरबरं बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात गोळा करत. चुकलेलं गणित खोडायचं नाही, त्यावर एक रेघ मारायची. शिवाय प्रत्येक गणिताखाली दोन ओळी लिहायच्या : हे असं का केलं? पोरगं अडलं की म्हणत, "उत्तर मला ठाऊक हाय रं. तू तिथवर कसा गेलास, त्ये लिही."

मांडवगण फराट्याजवळच्या आमच्या वस्तीवरची शाळा. माझी आरती तेव्हा चौथीत होती. मी उसाच्या वजनकाट्यावर कामाला. उत्तर बरोबर की चूक, एवढंच मला कळतं. असं लिहीत बसली तर पोरगी परीक्षेत मागं पडेल, या धास्तीनं मी शाळेत गेलो.

"बाई, ह्यो तास गणिताचा हाय का निबंधाचा?"

बाई हसल्या नाहीत. "बसा, आरतीचे पप्पा." त्यांनी तिची वही माझ्यापुढं सरकवली. भरलेली ट्रॉली चौदा टन तीनशे वीस किलो, रिकामी चार टन आठशे पन्नास. ऊस नऊ टन चारशे सत्तर. अगदी बरोबर, आदल्या संध्याकाळी मीच समजावलं होतं.

खाली लिहिलं होतं : 'हे पप्पांनी सांगितलं. एक टन का मोडला ते मला कळलं नाही. पण मी समजलं म्हणाले. परत विचारलं की पप्पा ओरडतात. मग माझ्या पोटात दुखतं.'

मी ते तीनदा वाचलं.

"वर्षभर नुसतं 'वजाबाकी केली' लिहायची," बाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदा खरं लिहिलंय. ह्यावरून घरी एक शब्द काढलात, तर परत लिहायची न्हाई. मग तिला कळत न्हाई, हे मला कळणार कवा?"

घरी जाताना आरतीनं विचारलं, "बाई काय म्हणाल्या?"

"अक्षर चांगलं हाय म्हणाल्या."

गाडीवर ती मला नाही, मागच्या कॅरिअरला धरून बसली होती. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

पुढं बाईंची बदली यवतकडं झाली. जाताना म्हणाल्या, "तिच्या ओळी आता तुमी वाचा. भिऊ नका." नव्या वर्गात उत्तराला नुसती बरोबरची खूण मिळते; आरती मात्र सवयीनं खाली लिहिते.

काल अपूर्णांक समजावत होतो. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला. ती लगेच म्हणाली, "समजलं, पप्पा." वही उचलून ओट्यावर गेली, माझ्याकडं पाठ करून काहीतरी लिहिलं.

वही दप्तरात आहे. मी अजून उघडलेली नाही.