पिवळी खूण

व्हर्ना शिमान्स्कीने अमेरिकेतल्या फ्लिंट शहराच्या मोटार कारखान्यात बावीस वर्षं स्टिअरिंगचे बोल्ट तपासले आणि बोल्ट घट्ट असल्याची खूण प्रत्येक गाडीवर पिवळ्या खडूने केली. आता ती ऐंशीची आहे. शेजारच्या डॅरिलने त्याच कारखान्यातली सहासष्ट सालची गाडी दुरुस्त करून कालच कारखान्यातून आल्यासारखी केली. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातले परीक्षक कारखान्यातल्या अशा खुणाही बघतात, म्हणून तो खडू घेऊन तिच्याकडे आला.

"मावशी, तुमच्या हातची ती वाकडी खूण करून द्या."

"आधी पाना आण."

"अहो, गाडी ट्रकवरून न्यायचीय. चालवणार कोण?"

"पाना आण म्हटलं ना."

पहिलाच बोल्ट अर्धा फेरा फिरला. तिन्ही बोल्ट आवळून व्हर्नाने सरळ रेघ ओढली.

"पण वाकडी हवी होती," डॅरिल कुरकुरला.

"तेव्हा कारखान्यात गाड्यांचा सरकता पट्टा थांबायचा नाही, म्हणून वाकडी यायची. आज मला घाई नाही."