एका स्तोत्राची रुजवात

पहिली चिठ्ठी मला तांदळाच्या डब्यात सापडली. पत्नी गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि मी चहाबरोबर खायला काही मिळते का ते शोधत होतो. वहीच्या कागदाच्या त्या घडीवर बायबलमधले एक वचन जाड काळ्या पेनाने उतरवले होते. अक्षरे इतकी मोठी की एका ओळीत तीनच शब्द मावले होते. दुसरी चिठ्ठी कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेली निघाली आणि तिसरी शिलाई मशीनच्या खणात. तिन्ही वचने एकशे एकोणिसाव्या स्तोत्रातली होती. हे लक्षात आले तेव्हा माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत वचने पाठ करण्याची रीत जुनी आहे. रविवारच्या शाळेत आम्ही मुलांनी ती खाऊच्या आशेने पाठ केली आणि खाऊबरोबर विसरूनही गेलो. त्यामुळे पन्नाशी उलटलेली माझी पत्नी पुन्हा पाठांतराला बसली यात वावगे काही नव्हते. मला खटकले ते स्तोत्र.

माझ्या आईची दृष्टी अखेरची तीन वर्षे गेलेली होती. तिला रोज संध्याकाळी तेच स्तोत्र ऐकायचे असे. ते शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, सर्वांत लांब स्तोत्र. त्याचे बावीस भाग आहेत आणि सगळे मिळून पावणेदोनशेहून एकच ओवी जास्त. कचेरीतून थकून आलेला मी तिच्या खाटेजवळ बसून वाचत असे आणि ओळी गाळत असे. आधी एखादी गाळली, मग चार, पुढे पुढे आख्खा भाग. आवाज मात्र भक्तिभावाचा ठेवत असे. आई काही बोलली नाही. ती गेल्यानंतर हे कुणालाही ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.

माझा धंदा काय आहे हे सांगितल्याशिवाय या गोष्टीची लाज पुरती कळणार नाही. जमिनीच्या जुन्या कागदांच्या नकला देणाऱ्या कचेरीत मी तीस वर्षे काढली आहेत. नक्कल तयार झाली की तिची रुजवात घेतात. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहायचा. माझ्या हातून गेलेल्या नकलेत कधी ओळ गळली नाही. ओळी मी घरी गाळल्या.

त्यामुळे त्या चिठ्ठ्या पाहून मला एकच अर्थ लागला. हिला कळले आहे, आणि तोंडाने न बोलता ही मला टोचते आहे. एवढी मोठी अक्षरे कशासाठी? माझ्या नजरेतून सुटू नयेत म्हणून, दुसरे काय.

एकदा संशय घेतला की पुरावे आपोआप जमू लागतात. एका गुरुवारी मी रजेवर घरी होतो, तेव्हा ती दुपारी उशिरा आली. डोळ्यांवर पदर ओढलेला होता.

"कुठं गेली होतीस?"

"शहागंजला. अस्तराचं कापड बघायला."

"मिळालं?"

"मनासारखं नाय मिळालं. ऊन लई आहे बाहेर, डोळे दुखायलेत." ती आत जाऊन पडली.

हातात पिशवी नव्हती, हे मी पाहून ठेवले. पुढच्या आठवड्यात कचेरीतून लवकर निघालो, तर छावणीतल्या आमच्या घरामागच्या बोळात ती खालाच्या दारातून बाहेर पडताना दिसली. खाला म्हणजे आमच्या शेजारीण, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्या माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या आहेत आणि कुराण त्यांना लहानपणापासून मुखोद्गत आहे. मी विचारले तेव्हा पत्नी म्हणाली, "महिला मंडळात गेले होते." मंडळ त्या दिवशी नसते.

मग मी एक चाल खेळलो. तसाच वहीचा कागद घेऊन मी त्यावर खोटी साक्ष न देण्याविषयीची आज्ञा उतरवली, माझ्या कचेरीच्या बारीक, नीटस अक्षरात, आणि ती घडी तांदळाच्या डब्यात तिच्या चिठ्ठीशेजारी ठेवली. आता ही काय करते ते पाहू, असे मनाशी म्हटले. दोन दिवसांनी माझी चिठ्ठी मला कपाटाच्या दारावर दिसली. तिच्या चिठ्ठ्यांच्या रांगेत चिकटवलेली, आणि उलटी. अक्षरांची डोकी खाली.

याला मी सरळसरळ उपहास समजलो. त्या दिवशी जेवताना तिने दोनदा भाजी वाढू का म्हणून विचारले. मी मान हलवून नको म्हटले आणि ती तरीही पळी पुढे धरून बसली. त्याचाही अर्थ मी वाकडाच लावला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि चारच्या सुमारास खालाच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. तीस वर्षे सरकारी नोकरी केलेला माणूस, भिंतीला पाठ लावून. आतून पत्नीचा आवाज येत होता. ती स्तोत्र म्हणत होती, सावकाश, न अडखळता. मध्येच खालाने तिला थांबवले.

"नवा सबक, नवा धडा नंतर. आधी कालचा म्हणून सुनाव, मग पूर्ण जुना. आम्ही असंच याद केलं. नव्याच्या मागं लागलं की जुनं हातातून जातं."

"म्हणते."

"आणि भाईसाबला सांगितलं का नाही?"

"नाय. तुम्हीपण सांगू नका."

बहुधा मी हाललो असेन, कारण खिडकीचा पडदा बाजूला झाला.

"अरे भाईसाब! खिडकीला कान लावून काय मिळणार? दरवाजा आहे की आमच्या घराला."

मी आत गेलो. पत्नी खाटेवर बसली होती, हात मोकळेच मांडीवर. आमचे शास्त्र खालासमोर होते. त्या ज्या लाकडी घोडीवर आपला ग्रंथ ठेवतात तशाच दुसऱ्या घोडीवर त्यांनी ते ठेवले होते. खालाच्या ओल्या केसांवर ओढणी होती. हातपाय धुऊन, केसांवरून ओला हात फिरवून मगच त्या ते उघडत असत, हे मला नंतर कळले.

लाजून निघून जावे एवढेही मला सुचले नाही. मी विचारले, "ती चिठ्ठी उलटी का लावलीस?"

"कोणती चिठ्ठी?"

"कपाटाच्या दारावरची. माझी."

"तुमची होती?" ती खरोखर चकित झाली. "डब्यात घडी लागली हाताला. माझीच असंल म्हणून लावून टाकली."

खालाने चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसायला घेतला. मग पत्नीच म्हणाली, "मधलं दिसत नाय मला आता. कडेकडेचं दिसतं. तुमच्याकडं बघितलं तर कान दिसतात, तोंड नाय."

"एका अर्थी बरंच," खाला पुटपुटल्या.

साखरेच्या जुन्या आजाराने डोळ्याचा पडदा खराब झाला होता. गुरुवारी ती डॉक्टरकडे जात होती. डोळ्यात इंजेक्शने चालू होती. आहे तेवढे टिकेल, गेलेले परत येणार नाही, असे तिला सांगितले होते. मोठी अक्षरे तिने स्वतःसाठी काढली होती, आणि आता तीही तिला वाचता येत नव्हती. मान हलवून दिलेला माझा नकार तिला दिसलाच नव्हता.

"मला सांगायचंस," मी म्हणालो. "मी वाचून दाखवलं असतं तुला. रोज."

"आईंना वाचून दाखवलं तसं?"

तिच्या स्वरात टोचणी नव्हती. टोचले असते तर मला सोपे गेले असते.

"तुला माहीत होतं?"

"आईंनाच माहीत होतं. त्यांना सगळं पाठ होतं की. तुम्ही ओळ गाळली की त्या गोधडीवर बोट दाबायच्या. तुम्ही उठून गेलात की राहिलेलं माझ्यापुढं म्हणायच्या, मग झोपायच्या."

ते बोट मी पाहिले होते. तीन वर्षे रोज पाहिले होते. वयाने हात थरथरतो, असे मला वाटले होते. माझी आई माझ्या वाचनाची रुजवात घेत होती.

"म्हणून ठरवलं," पत्नी म्हणाली, "की सगळं जायच्या आत हे आत घ्यायचं. मग अंधार झाला तरी कुणाच्या आवाजावर बसून राहायला नको. नऊ भाग झालेत. रोज सकाळी उठल्यावर आधी ते म्हणून बघते. असले की धीर येतो. वाटतं, पुढचंही निभंल."

मी तिच्यावर घेतलेला एकही संशय खरा नव्हता. तिने माझ्यावर घेतलेला प्रत्येक खरा होता. क्षमा मागताना माझा आवाज आपोआप वाचनातल्यासारखा भक्तिभावाचा झाला. तो ऐकून मी मध्येच थांबलो. खाला म्हणाल्या, "बसा. चाय पिऊन जा."

त्याला आता पाच महिने झाले. पत्नीचे चौदा भाग पाठ आहेत. रोज चार वाजता ती खालाकडे जाते आणि गुरुवारी डॉक्टरकडे मी तिच्याबरोबर जातो. संध्याकाळी मी तिला वाचून दाखवतो, पण तिला पाठ झालेलेच भाग. तिचे बोट गुडघ्यावर असते आणि मी त्याच्याकडे लक्ष ठेवून वाचतो. नवा भाग ती माझ्याकडून घेत नाही. कारण तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. जे आधी माहीत नाही, त्यात काय गळले हे तिला कळणार कसे?

काल वाचन संपल्यावर तिने पदर सावरला आणि ती म्हणाली, "उद्या पंधरावा तुम्ही वाचा."

मी शास्त्र मिटता मिटता थांबलो.

"मग दुसऱ्या दिवशी चारला खालाकडं ताडून घेईन," ती म्हणाली.

"घे," मी म्हणालो.

आज सकाळी ती आंघोळीला गेल्यावर मी पंधरावा भाग उघडला आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून दोनदा मोठ्याने वाचून पाहिला.