रिकाम्या हातानं चालणं

आमच्या गावात बाईमाणूस रिकाम्या हातानं रस्त्यावर दिसत नसे. डोक्यावर पाटी, काखेत लेकरू, कमरेवर घागर, काही ना काही हवंच. वसमतला बाजाराला निघालेल्या बाईच्या हातातही पिशवी असायचीच. हे आधी सांगते, कारण माझ्या आईचा घात या रीतीनंच केला.

आईचं अंग दुखायचं. मी शाळेत होते तेव्हापासून, म्हणजे नव्वदच्या दशकापासून. आज मान, उद्या खांदे, परवा कंबर. झोप लागायची नाही आणि सकाळी अंग कुटून काढल्यासारखं व्हायचं. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं चांगलं निघालं. ते चांगलं निघालं हेच वाईट झालं. हळद वेचताना आई मध्येच बांधावर टेकली की काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "कामाच्याच टायमाला कसं दुखतं गं बाई!" माझे वडील, दादा, भांडखोर नव्हते. ते नुसती मान फिरवायचे. आईला तेच जास्त लागायचं. दुखेल तिथं बिब्बा घालून घालून तिच्या अंगावर काळे डाग पडले होते.

पुढं लग्न होऊन मी नांदेडला आले आणि तिला तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दादाही आले होते, पण बाहेर बाकड्यावर बसून राहिले. बाईंनी आईचे खांदे, कोपर, कंबर बोटानं दाबून पाहिली. आई कळवळली. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसत त्या म्हणाल्या, "मावशी, याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. तुमचं दुखणं खरं आहे. ते तपासणीत दिसत नाही, एवढंच."

आई ओक्साबोक्शी रडली. औषधाची चिठ्ठी लिहायच्या आधीच.

बाईंनी तिला बराच वेळ समजावलं. रोज सकाळी थोडं चालायचं, हळूहळू वाढवायचं. बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळी कामं उपसायची नाहीत. जड उचलायचं नाही. "आणि घरच्यांनाही आत बोलवा, त्यांनाही कळायला हवं," त्या म्हणाल्या. मी बाहेर गेले. दादा म्हणाले, "बायांच्या दुखण्यातलं मी काय ऐकू? तुमीच ऐका."

आईनं मात्र शब्द न् शब्द ऐकला होता. गावी परतल्यावर ती रोज सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालू लागली. रिकाम्या हातानं. थोड्याच दिवसांत गावानं निकाल दिला, "फिरायला पाय हायत, हळद वेचायला हात न्हाईत!" जो उपाय, तोच तिच्याविरुद्ध पुरावा झाला. दादांनीही विचारलं, "चालता येतं, मंग काम काहून होत न्हाई?"

बाईंनी सांगितलेलं सगळं तिला पाठ होतं, पण तिच्या तोंडून ते कुणाला ऐकायचं नव्हतं. मग तिनं घागर उचलली. कमरेवर घागर असली की चालणारी बाई पाण्याला निघालेली दिसते. पण रिकामी घागर आडवी आली की निघालेल्या माणसाचं काम होत नाही म्हणतात. बाजाराला निघालेल्या एकानं तिला भर रस्त्यात झापलं. त्यानंतर ती देवळाजवळच्या हापशावर घागर भरूनच परतायला लागली. चालायचा उपाय आणि जड न उचलायचं पथ्य, दोन्हींचा एकाच फेरीत निकाल! कंबर धरली, मान धरली, आणि एका सकाळी तिला अंथरुणातून उठवेना. "झालं का नांदेडचं औषध?" काकू म्हणाली. आईनं चालणं सोडलं ते कायमचं.

काही वर्षांनी दादांना साखर निघाली. त्यांनाही रोज चालायला सांगितलं. मी गावी होते. दादा पांढरे बूट घालून, हात पाठीमागं बांधून निघाले आणि रस्त्यानं जो तो कौतुकानं म्हणत होता, "व्वा, तब्येतीला चांगलं असतं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई उंबऱ्याशी भिंतीला टेकून बघत बसली होती.

दादा घामाघूम होऊन परतले. ती म्हणाली, "पहिल्याच दिशी लई चालू नका. हळूहळू वाढवा. बरं वाटलं म्हनून एकदम जास्त न्हाई करायचं."

"तुला कुनी सांगितलं हे?" दादांनी विचारलं.

"तुमी भायेर बाकड्यावर बसले व्हते ना," आई म्हणाली, "तवा."