पिवळ्या बल्बखालचा कापूस

आमच्या गल्लीत कुणालाही बल्ब घ्यायचा असला की मला विचारतात, आणि मीही सुटतो. अरे बाबा, नुसते वॅट काय बघता? डब्यावर केल्विन बघा. तीन हजाराच्या आसपास असला तर संध्याकाळसारखा पिवळसर, साडेसहा हजार म्हणजे भर दुपारचा पांढरा. धान्य निवडायला पांढरा, पडायच्या खोलीत पिवळा. आणि सीआरआय नावाचा आकडा नव्वदच्या वर असला, तरच रंग खरे दिसतात. लोक माना डोलावतात. माझी ही जाऊन चौथं वर्ष लागलंय. जिनं विचारावं म्हणून जीव तुटायचा, तिनं काही विचारलं नाही.

पूर्वी विचारायची. मी सहकारी खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. शेतकऱ्यांनी आणलेल्या कापसाचा रंग, धागा बघून प्रत ठरवायची, हे माझं काम. त्याचं हिला भारी कौतुक. बांगड्या असोत की चोळीचा खण, "आवो, बगा की, जमंल का ह्यो रंग?" मी उगाच खोडी काढायचो, "दुसरी प्रत!" ती हसत लाटणं उगारायची.

मग ते दुष्काळाचं साल आलं. चकलांब्याच्या शिवारात आमचा तुकडा होता, तिथली विहीर आटली. मी नोकरीवर. हिनं लांबून घागरी वाहिल्या, एकेका झाडाच्या बुडाला तांब्यानं पाणी घालून कापूस जगवला. पहिली वेचणी घेऊन स्वतः गाडीबरोबर केंद्रावर आली. घरचा माल म्हणून मी तिचा नंबर सगळ्यात शेवटी ठेवला. तोवर दिवस मावळला. शेडमध्ये एकच पिवळा बल्ब. त्याखाली मूठभर कापूस धरला, तर पिवळट दिसला. आजूबाजूची माणसं टक लावून बघत होती, ग्रेडर बायकोला काय देतो ते. मी म्हणालो, "कवडी." म्हणजे डागी, सगळ्यात खालची प्रत.

"आवो, अंधारलंय. सकाळी उन्हात बगा," ती म्हणाली.

"इथं मी तुझा नवरा न्हाई, ग्रेडर हाय!" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

सकाळी शेडमध्ये ऊन आलं. कवडीच्या ढिगावर तिचा कापूस पांढराशुभ्र उठून दिसत होता. प्रत बदलता आली असती, पण लोक काय म्हणतील? मी हमालाला तेवढं सांगितलं, बल्ब काढ, पांढरी ट्यूब लाव. घरी 'चूक झाली' एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. ग्रेडर ना मी! ती भांडली नाही, रुसली नाही. फक्त त्या दिवसापासून मला एकही रंग विचारला नाही.

पुढं लेकीच्या लग्नाचा बस्ता निघाला. दुकानात झगझगीत दिवे. ही शालू घेऊन उठली, पायऱ्या उतरून रस्त्यावर उन्हात गेली. मी पाठोपाठ. दुकानदार आतून हसला, "काकू, घरात ग्रेडर असताना उन्हात कशाला? काकांना इचारा की!"

"मला दिसतंय," ती म्हणाली.

मी शेजारीच उभा होतो. लई वाटलं, एकदा माझ्याकडं वळावं, पहिल्यासारखं विचारावं. तिनं शालूचा पदर उलगडला, घडी घातली. तुझा कापूस पांढरा होता गं, एवढंच म्हणायचं होतं. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "चल, दुकानदार खोळंबलाय."