सुमनच्या हातचा गेरू

"ही नागीण आहे. हर्पिस झोस्टर," भंडाऱ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आणि मी विचारलं, "डाक्टरसायब, तोंड शेपटीले लागाले आता किती दिवस रायले?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिशीची होते, म्हणजे मला जगातलं सगळंच कळत होतं.

आधी डाव्या बरगडीखाली नुसती आग. आमच्या गावी, कोंढ्याला, धानाची रोवणी चालू होती. वाटलं, वाकून पाठ भरली असेल. चौथ्या दिवशी लाल चट्टा आला, त्यावर पाण्याच्या फोडांची ओळ, पाठीकडून पोटाकडे सरकणारी. नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस संपला, असं आम्ही मानायचो. म्हणून धाकटी जाऊ सुमन रोज फोडांवर आणि त्यांच्यापुढे गेरू लावायची, नागिणीची वाट अडवायला. आणि मी शहाणी दोऱ्याने उरलेली कंबर मोजायची.

डॉक्टरांनी समजावलं. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूत, म्हणजे दुखलं-खुपलं कळवणाऱ्या तारेत, झोपून राहतो. ताकद कमी झाली की त्याच तारेवर उठतो. म्हणून फोड एकाच बाजूला येतात. वेढा पडत नाही. मी हसले. ते हसले नाहीत.

"फोडांना हात कोण लावतं?"

"जाऊ लावते."

"तिला कांजिण्या येऊन गेल्यात?"

नव्हत्या. आणि तिला आठवा सरत होता. फोडांतल्या पाण्यातून तिला कांजिण्या होऊ शकतात, ऐन बाळंतपणात झाल्या तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणाले. पुरळ उठतं का, तीन आठवडे लक्ष ठेवा.

घरी सांगितलं तर सुमन म्हणाली, "म्हंजे तुमची नागीण मीच पोसून रायली होती का, जाऊबाई?" मग विहिरीवर जाऊन कितीतरी वेळ हात घासत बसली.

मी वेगळ्या खोलीत राहिले. फोडांच्या खपल्या झाल्या, पण तिकडे माझं लक्षच नव्हतं. रोज खिडकीतून सुमनचे हात, गळा न्याहाळायची. सतराव्या दिवशी तिच्या मानेवर लाल पुरळ दिसलं. दोन दिवस मी खिडकी सोडली नाही. घामोळं निघालं.

पुढच्या आठवड्यात तिला मुलगी झाली. मी आधी पोरीचं तोंड नाही, पाठ पाहिली. एक ठिपका नव्हता.

बायांनो, एका बाजूला आग होऊन फोड आले तर आधी दवाखाना गाठा, आणि पोटुशी बाईला लांब ठेवा. माझ्या बरगडीखाली अजून कधीकधी आग उठते. उठू दे. नागीण माझ्यावरच भागली.